कापलेला कोपरा

आमच्या प्रयोगशाळेत सगळं काम जोडीने करायची पद्धत आहे. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी ताडून पाहायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. गर्भ एका बशीतून दुसऱ्या बशीत हलवला, बरोबर. इन्क्युबेटरमधून बाहेर काढला, बरोबर. फेकून द्यायचा असला तरी बरोबर. एकोणीस वर्षं मी वाचत आले आणि मास्तर बरोबर म्हणत आले. ते पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मास्तर. पहिली दोन-तीन वर्षं ते उठून जवळ यायचे, चष्मा सारखा करून बघायचे. मग नुसती मान वळवायला लागले. मग पाठमोरे राहूनच म्हणायला लागले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटायचा. माझा हात तपासायची गरज उरली नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला होता. स्वतःचा मूर्खपणा माणसाला नेहमी उशिराच दिसतो.

धाकट्या बहिणीला एकोणिसावा आठवडा लागला तेव्हा तिच्या सोनोग्राफीला मी सोबत गेले. आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सोनोग्राफीवाल्या बाई बोलक्या. त्यांनी मणका दाखवला, हृदय दाखवलं आणि हसत सांगितलं की मुलगा आहे. धाकटीही हसली. म्हणाली, नीट बघा हो, आमच्या कागदावर मुलगी आहे. बाईंनी पुन्हा बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं, कारण मी त्यांच्यातली. पडदा मलाही वाचता येतो. मुलगाच होता.

दुसऱ्या घरात हा वर्षभर पुरणारा विनोद झाला असता. आमच्या घरात मुलगा म्हटलं की दादा आठवतो. आमचा थोरला भाऊ सातव्या वर्षी जिन्यावर पडायला लागला. अकराव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसला आणि एकविसाव्या वर्षी गेला. स्नायू झिजत जाण्याचा आजार. तो आईकडून येतो आणि मुलग्यांना धरतो, मुली नुसत्या तो पुढे नेतात. मी सोळाव्या वर्षी शिकायला वसतिगृहात गेले आणि तिथून सुटीपुरतीच घरी आले. आईची पाठ धरलेली असायची. त्यामुळे दादाला उचलणं, भरवणं, रात्रीतून दर दोन तासांनी कूस बदलून देणं हे सगळं धाकटीवर पडलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

मी लग्नच केलं नाही, त्यामुळे माझा प्रश्न मिटला. धाकटीने केलं, आणि नऊ वर्षं मूल होऊ दिलं नाही. मग एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुझ्या त्या यंत्रातून बघून दे. तिची अट एकच होती. "ताई, दादासारखं नको. बाकी काळं, ठेंगणं, मठ्ठ, कसलंही चालेल."

आमचं यंत्र प्रत्येक गर्भाला शंभरपैकी गुण देतं. गेली आठ वर्षं तसा कायदाच आहे. साठच्या खालचा गर्भ पोटात ठेवता येत नाही. पोटात वाढत असलेला साठच्या खालचा निघाला, तर चोवीस आठवड्यांपर्यंत सरकारी मंडळ तो काढायला लावू शकतं. चोवीसनंतर कुणालाच काही करता येत नाही, मंडळाला नाही आणि आईलाही नाही. असं मूल जन्मलं तर त्याला सरकारी औषधपाणी मिळत नाही आणि शाळेच्या अर्जावर त्याचा आकडा लिहावा लागतो. रस्त्यावरची पोरं त्याला 'साठीखालचं' म्हणतात. धाकटीचे चार गर्भ इतर जोडप्यांच्या गर्भांबरोबर एकाच ट्रेमध्ये तपासले होते, त्या चारांपैकी सहा नंबरच्या खळग्यातला निवडला होता. एक्क्याऐंशी गुण, मुलगी, आजार नाही. तो कागद तिने शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवला होता.

सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिने माझं मनगट धरलं. ती घाबरलेली होती, पण बोलली शांतपणे. म्हणाली, तू बघशील ना. मी म्हणाले, आत्ता बघते.

तळघरातल्या फ्रीजरमध्ये वापरलेले ट्रे पाच वर्षं ठेवावे लागतात. चोवीस खळग्यांचा, तळहाताएवढा पारदर्शक ट्रे असतो. प्रत्येक गर्भाच्या चार-पाच पेशी एकेका खळग्यात टाकायच्या आणि ट्रे यंत्रात सरकवायचा. ट्रेचा एक कोपरा कापलेला असतो. तो डावीकडे वर ठेवला की तिथून एक नंबर सुरू होतो. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि पुढे ते हातालाच माहीत असतं. मी त्या महिन्याचा खोका काढला, धाकटीचा ट्रे शोधला आणि दिव्याखाली धरला. वर माझ्या डावखुऱ्या अक्षरातली चिकटपट्टी होती. कापलेला कोपरा चिकटपट्टीच्या शेजारी, डावीकडे वर, जिथे असायला हवा तिथेच होता.

मग मी ट्रे तिरका धरला. प्लास्टिकमध्ये उमटवलेले आकडे असतात. तेही पारदर्शक, कुणी वाचत नाही. कापलेल्या कोपऱ्यापाशी चोवीस होता.

तेव्हा सगळं आठवलं. त्या दिवशी आमचे नेहमीचे ट्रे संपले होते. एका विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला एकच ट्रे कपाटात होता, तोच घेतला. त्यांच्या ट्रेचा कापलेला कोपरा उजवीकडे खाली, चोवीस नंबरपाशी. सोबत माहितीचा कागद होता, तो मी वाचला नव्हता. मी सवयीने कोपरा डावीकडे वर ठेवला आणि सगळा ट्रे उलटा भरला. पहिल्याच्या जागी चोविसावा, सहाव्याच्या जागी एकोणिसावा. "सहा, हिचं नाव," असं मी वाचलं होतं आणि मास्तर पाठमोरे राहून बरोबर म्हणाले होते. यंत्र पहिला खळगा रिकामा आहे ना एवढंच बघतं; त्यालाही संशय आला नाही, कारण आम्ही पहिला आणि शेवटचा असे दोन्ही खळगे मुद्दाम रिकामे सोडायचो. जास्तीची खबरदारी म्हणून ही युक्ती मास्तरांनीच काढली होती. त्या खबरदारीनेच आमचा घात केला.

मी संगणकावर एकोणिसाव्या खळग्याचा निकाल उघडला. तो निकाल खरा धाकटीच्या बाळाचा होता. एकतीस गुण, मुलगा. खाली आजाराचं नाव होतं. ते नाव वाचायला मला चष्मा लागला नाही.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. एकोणिसावा गर्भ एका बसचालकाचा आणि त्याच्या बायकोचा होता. त्यांचा तो एकच तगला होता. निकाल सांगायला मीच गेले होते. ती बाई रडत पुन्हापुन्हा म्हणत होती, अहो, आमच्या दोन्ही घरांत कुणालाच असलं काही नाही. मी तिला समजुतीने सांगितलं होतं की असल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या दडून बसतात. मग खाली येऊन मी तो गर्भ फेकला. एक्क्याऐंशी गुणांची, निरोगी मुलगी. बरोबर.

मॅडम दवाखान्याच्या मालकीण. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकलेला नाही, त्यांना त्याची गरजच पडत नाही. त्या ट्रेमधल्या आणखी दोघी गरोदर होत्या. मॅडमनी निकाल फिरवून बघितले. दोघींची बाळं साठच्या वर होती, नशिबाने. म्हणजे अडकली होती ती एकटी माझी बहीण. मॅडम म्हणाल्या, घाई नको, आधी रक्त तपासून खात्री करू, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर कुणाला काही बोलायचं नाही. मास्तरांनाही नाही.

मग त्यांनी मला जे हवं होतं ते माझ्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "मंडळाला कळलं तर तुमच्या बहिणीला विचारणार आहेत का? गाडी येईल आणि घेऊन जातील."

हे खोटं नव्हतं. असं झालेलं मी बघितलं आहे. पण मी ते धरून बसले ते माझ्या सोयीसाठी. परवाना जाईल, तुरुंग होईल, ट्रेवर अक्षर माझं आहे, या भीतीला मी बहिणीच्या काळजीचं पांघरूण घातलं. त्याच संध्याकाळी धाकटीच्या घरी जाऊन सांगितलं की कागदावर फक्त एका रकान्यात चूक झाली होती. मुलगी लिहिलं, मुलगा हवा होता. बाकी सगळं ठीक, बाळ निरोगी आहे. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिचा नवरा रंगारी आहे, मोजकं बोलतो. त्याने मला चहा करून दिला आणि दोनदा विचारलं, नक्की ना, ताई? मी दोनदा नक्की म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी तिचं रक्त घेतलं. लोह बघायचंय म्हणाले. ती हात पुढे करून गप्पा मारत राहिली. शाळेच्या गणवेशांची मोठी मागणी आली होती, तिने बाळाच्या झबल्यांची लेस उसवून ठेवली होती, मुलाला लेस कशाला. मी सुई अशी टोचली की तिला कळलंही नाही. माझा हात चांगला आहे, सगळे म्हणतात.

बाविसाव्या आठवड्यात निकाल आला. तोच होता. अजून दोन आठवडे हातात होते. त्या दोन आठवड्यांचा हिशोब मला कुणालाच देता येणार नाही. सोमवारी तिला सर्दी होती. बुधवारी तिची सासू आली होती. शुक्रवारी मी तिच्या दारापर्यंत गेले, आतून मशीनचा आवाज ऐकला आणि परत फिरले. मनात म्हणायचे, मंडळाच्या तावडीतून बाळाला वाचवते आहे. म्हणायचे, दादाच्या वेळी औषधं नव्हती, आता काहीतरी निघेल. मॅडम म्हणत होत्या, चोवीस होऊ द्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. आजार दिसायला पाच-सहा वर्षं जातील, तोवर कोण कुठे. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, तसं झालं होतं. फरक एवढाच की ओठ धाकटीचे होते.

चोवीस आठवडे मंगळवारी भरले. बुधवारी मॅडमनी सांगितलं की तो ट्रे नष्ट करा, जुना साठा म्हणून नोंद घाला. नोंदवहीवर दोन सह्या लागतात. मी ट्रे भट्टीपाशी नेला, वहीत लिहिलं, नंबर वाचला आणि थांबले. मास्तर नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून लेबलं कापत बसले होते. माझा आवाज बहुधा नेहमीसारखा नव्हता. कित्येक वर्षांनी ते उठले, जवळ आले, चष्मा सारखा केला. ट्रे हातात घेऊन दिव्याकडे तिरका धरला. शाळेत शिकवलेल्या माणसाला आकडे वाचायला कितीसा वेळ लागणार. मग त्यांनी तारीख वाचली. त्या तारखेला माझ्या बहिणीचं काम होतं हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

ते म्हणाले, "मी बरोबर म्हणालो होतो, बाई. बघितलं नव्हतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते. मी त्यांना त्याची आठवण करून दिली, हेही कबूल करते. त्यांनी ट्रे रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला. सोमवारी सकाळी मंडळाकडे जाणार, म्हणाले. त्या बसचालकाच्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं की तिच्या घरात काही दडलेलं नाही. मंडळाचं पत्र आठवड्याभरात तुमच्या बहिणीच्या घरी जाईल, त्याआधी तुम्ही जा. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं की मला आधी का नाही सांगितलंत. मी म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर त्या माणसाला असं उत्तर देणारी बाई मी आहे.

शनिवारी दुपारी मी धाकटीकडे गेले. शिलाईच्या खोलीत गणवेशांचे निळे ढीग होते. ती कापड बाजूला सारून खाटेवर बसली, मला स्टूल दिलं. नवरा कामावर गेला होता. मी प्रस्तावना केली नाही. कोपऱ्यापासून एकतीस आकड्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. बोटांत सुई होती, ती तिने उशीला टोचून ठेवली.

"कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"सोनोग्राफीच्या दिवसापासून."

ती मनात मोजत होती. ओठ हलत होते. मला तिचं ते मोजणं सहन होईना, म्हणून मी घाईने म्हणाले, "चोवीस भरलेत. आता मंडळ काही करू शकत नाही. बाळ तुझंच आहे." हे ऐकून तिला धीर येईल असं मला खरोखर वाटलं होतं.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी काय करू शकते?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

"मी थांबवलं असतं, ताई. वर्षभर रडले असते, पण थांबवलं असतं." तिचा आवाज चढला नाही. शिवताना माप सांगते तसं सांगत होती. "तू सुटीत यायचीस. तुला दादा उशीला टेकून बसलेला, भांग पाडलेला दिसायचा. तू त्याच्याशी पत्ते खेळायचीस. तो भांग मी पाडायचे. तू यायच्या आधी त्याची चादर मी बदलायचे. शेवटच्या वर्षी तो मला सांगायचा, छोटे, मला उठवू नकोस आता. तुला कधी सांगितलं त्याने?"

नव्हतं सांगितलं. मला तो नेहमी हसराच दिसला.

"मंडळाला मी काही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तुला विचारलं होतं. तू बघशील ना, म्हणाले होते."

मी क्षमा मागितली. दोन वेळा मागितली, तिने दोन्ही वेळा ऐकून घेतली. भिंतीवरचा कागद तिने काढला नाही. मला वाटलं आता ती जा म्हणेल. मी निघायच्या तयारीनेच बसले होते, पायात चपलाही सरकवल्या होत्या. तेव्हा ती खाटेवर आडवी झाली, उताणी, आणि तिने अंग सैल सोडलं.

"चपला काढ," ती म्हणाली. "मला कुशीवर वळव."

मला कळेना. ती म्हणाली, पंधरा-सोळा वर्षांनी माझी पाठ आईसारखी झालेली असेल. याच्या बापाला काम सोडता येणार नाही, औषधं विकत आणावी लागतील. रात्री कोण वळवणार याला? तू. तुला तुरुंगात घातलं तर सुटून आल्यावर तू. तुला त्यातलं काही येत नाही. आता शिकायचं.

मी चपला काढल्या. गुडघे टेकून एक हात तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि उचलायला गेले.

"थांब. आधी बघ."

मी बघितलं. तिचा डावा हात पाठीखाली दुमडलेला होता. मी तशीच वळवली असती तर तो मुरगळला असता. तिने तो मुद्दाम तिथे ठेवला होता. मी हात सोडवला, सरळ केला. गुडघा थोडा वाकवला. पुन्हा खांदा आणि कंबर धरली. माझ्या मनगटाखाली बाळ हललं, चांगलं जोरात. सध्या त्याच्या पायांत भरपूर ताकद आहे. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, पण हात काढले नाहीत. हळूहळू तिला भिंतीकडे वळवलं. ती दगडासारखी जड होती, जरासुद्धा मदत करत नव्हती.

"बरोबर?" मी विचारलं.

पाठीमागे हात नेऊन तिने चादर चाचपली, सुरकुती राहिली आहे का ते बघितलं. मग खांदा, मग कान उशीखाली दुमडलाय का तेही.

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा उताणी झाली. "परत कर."